थोरला, मधली, धाकटा आणि जीप

घाबरू नका वहिनी, सुतळी बॉम्ब नाही तो. पाळकसाहेबांची जीप सुरू होतेय. अजून दोनदा तसाच आवाज होईल, मग काळा धूर निघेल. तेवढे तुमचे दोरीवरचे पांढरे कपडे आत घ्या, बाकी काही नाही. दुसऱ्या गल्लीत नवीन माणूस राहायला आला की नळाला पाणी कोणत्या वारी येतं ते आधी सांगतात. आमच्या गल्लीत रविवारी जीप किती वाजता निघते ते सांगावं लागतं.

या ना, अशा कुंपणापाशी या. त्या तारेला पदर अडकतो, जरा सांभाळून. मी आता रिटायर बाई, मला कुठं घाई आहे! चहा ठेवलाय, कप तारेवरूनच देते.

नंबर पाहिलात का गाडीचा? एमएच बावीस. म्हणजे परभणीची. आपल्या हिंगोलीचा अडतीस. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, त्याआधी आपण सगळे परभणीतच होतो. आता ही गाडी काही तेव्हाची नाही, साहेबांनी परभणीच्या एका माणसाकडून वापरलेली घेतली. घेतली तेव्हाच तिची अर्धी उमर सरलेली होती. मग पंधरा वर्षं भरली. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी संपतं, पुढं चालवायची तर गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायचं. पूर्वी त्याला सहाशे रुपये लागत, २०२२ पासून केंद्रानं पाच हजार केले. वर पर्यावरण कर. आमच्या वैनीनं, म्हणजे पाळकीणबाईंनी, त्या वर्षी बांगड्या करायला पैसे साठवलेले होते. ते गेले जीपच्या कागदांत. मला म्हणाल्या, "अक्का, जीपला बांगड्या केल्या असत्या तरी एवढा खर्च आला नसता."

विकून का टाकत नाहीत, हेच ना? सगळी गल्ली हेच विचारते. पण मला सांगा, त्यांची मंडळी आहे कुठं? मंडळी म्हणजे त्यांच्याकडं चर्चचे लोक. एका जागी शंभर घरं असती तर साहेब सायकलीवर फिरले असते. इथं सेनगावकडं चार घरं, कळमनुरीच्या बाजूला दोन, वसमतकडं एखाद्या आखाड्यावर एकच म्हातारी. कुणाचं बाळ आजारी आहे, कुणाची मयत झाली, कुणाच्या पोरीचं लग्न जमलंय, सगळीकडं जायचं. आणि नुसतं माणूस नेऊन भागत नाही. पेटी, ढोलकी, झांजा, सतरंजी, गॅसबत्तीच्या जागी आता तो चार्जिंगचा दिवा, शिवाय कुणी दिलेलं तुरीचं गाठोडं परत येताना. हे सगळं मोटरसायकलवर कसं मावायचं?

पोरं लहान होती ना, तेव्हा ही जीप म्हणजे चैन होती. मागं ते समोरासमोरचे दोन बाक. एकावर थोरला आणि मधली, दुसऱ्यावर धाकटा झोपलेला, त्याच्या उशाला ढोलकी. गावात पोचलं की तिघांनी ओळीनं उभं राहून गाणं म्हणायचं. थोरला झांजा वाजवायचा, मधलीचा आवाज गोड. धाकटा नुसता मध्ये उभा राहून नाक पुसायचा, पण बायका सगळ्यात जास्त शेंगदाण्याचे लाडू त्यालाच द्यायच्या.

तुम्हाला नवल वाटेल, पण ह्यांचं हे फिरणं काही आजचं नाही. मी मराठी शिकवायची ना, म्हणून मला ठाऊक. आपल्या ह्या निजामाच्या मुलखात एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री नावाचे गृहस्थ होते. ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गावच वसवलं. आणि रेव्हरंड टिळक तर काय, नारायण वामन टिळक! त्यांच्या आयुष्याला वळणच मुळी प्रवासात लागलं. नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, रेल्वेच्या डब्यात एक गोरा माणूस भेटला, गप्पा झाल्या, त्यानं नवा करार हातात ठेवला. पुढं १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. कीर्तनाचा आपला जुना बाज त्यांनी येशूच्या गोष्टीला दिला. आमचे साहेब पेटी घेऊन खेड्यात उभे राहतात ना, ते त्याच वाटेनं. फक्त टिळकांना हवा भरायची पाळी आली नाही.

आता मधलीचं ऐका. ती सातवीत होती तेव्हाची गोष्ट. दिवस हळदीचे, म्हणजे थंडी सरत आलेली. आपल्याकडं त्या दिवसांत जिकडं पाहाल तिकडं हळद. काढायची, शिजवायची, वाळत घालायची. वसमतच्या हळदीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तर वसमतकडूनच परत येत होते हे लोक. डिझेलचा काटा अर्ध्यावर. साहेब निवांत. आणि जीप मध्येच दोन उचक्या देऊन गप्प! काटा अर्ध्यावरच अडकून बसलेला आणि टाकी कोरडी ठण्ण.

शेजारच्या वावरात कुकर लावून हळद शिजवणं चाललं होतं. वाफेचे लोट, बायका शिजलेली हळद उपसून पसरतायत. त्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टरच्या कॅनमधलं डिझेल आणून ओतलं. आता गाडी सुरू व्हावी की नाही? नाही होत! डिझेल गाडीची टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली की नळीत हवा शिरते आणि ती हवा काढल्याशिवाय पंप डिझेल ओढत नाही. साहेब सेल मारतायत, बॅटरी मरतेय. शेवटी ट्रॅक्टरवाल्या पोरानं सांगितलं, एअर काढा म्हणून. फिल्टरवरचा नट ढिला करायचा आणि तिथलाच छोटा हातपंप दाबत राहायचा. आता साहेबांचा पंजा पाहिलात ना, केवढा आहे! तो त्या सांदीत जाईना. मधली म्हणाली, मी करते.

तिनंच मला सगळं करून दाखवलं, ह्या कट्ट्यावर बसून, हातात लिंबू धरून. "अक्का, आधी नुसता फेस येतो. मग बुडबुडे. आपण दाबत राहायचं, घाई नाही करायची. मग बुडबुडे थांबतात आणि नितळ धार लागते. धार लागली की तिथंच नट आवळायचा." धार लागली, नट आवळला, गाडी सुरू झाली. शेतकऱ्याच्या बायकोनं पोरीचे डिझेलनं भरलेले हात राखेनं धुऊन दिले. पण डोळ्यांत जे काही शिरलं ना वहिनी, ते राखेनं निघण्यातलं नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून ही पोरगी शाळेतून येताना मिस्त्रीच्या दुकानापुढं रेंगाळायला लागली.

हो, लोक बोलायला कमी करत नाहीत. एक जण म्हणाला, गाडी मुद्दाम बंद पाडतात आणि मग गावात बसून प्रचार करतात. मी म्हटलं, बाबा, भर उन्हात तीन भुकेली पोरं आणि एक चिडलेली बायको घेऊन मुद्दाम गाडी बंद पाडणारा माणूस मला दाखव, मी त्याच्या पाया पडते. माणूस अडला की आपण मदत करतो, मदत झाली की चहा होतो, चहा झाला की गोष्टी होतात. ह्यात डाव कसला? तो हळदवाला आजही नाताळात ह्यांच्याकडं येतो. करंज्या-चिवडा खातो आणि जाताना हळकुंडाची पिशवी ठेवून जातो. मला त्यातलीच हळद येते, घरची, वासाची.

पण गाडीचं दुखणं परवडलं. गाडी निदान आवाज करून सांगते. पोरं मोठी होतात ती आवाज न करता.

आधी गुडघे मोठे झाले. खरंच सांगते. समोरासमोरच्या बाकांवर थोरल्याचे गुडघे मधलीच्या गुडघ्यांना आपटायला लागले आणि सेनगाव येईपर्यंत भांडण. मग थोरल्याला पुढं बसायचं, तर पुढं आईची जागा. मग मिसरूड फुटलं आणि ओळीत उभं राहून गाण्याची लाज वाटायला लागली. त्यात दहावीला मार्क बरे पडले, झालं. आपल्याकडं बरे मार्क पडलेल्या पोराला नांदेड नाहीतर लातूर ह्याशिवाय तिसरं गाव माहीत नसतं. थोरला नांदेडला क्लासला. घरी येतो तो महिन्याकाठी, आणि रविवारी नेमकी त्याची टेस्ट असते. साहेब म्हणतात, "परमेश्वराच्या दिवशी परीक्षा ठेवतात, काय म्हणावं!"

आता थोरल्याला जीप चालवायचीय. सतरा संपायचेत. साहेब जरा पाघळले होते, गल्लीतून मोकळ्या रस्त्यावर थोडी देतो म्हणून. मी कुंपणावरूनच ओरडले. म्हटलं, साहेब, अठरा होईपर्यंत किल्लीला हात लावू देऊ नका. अल्पवयीन पोरानं गाडी चालवली तर २०१९ पासून कायदा बापालाही धरतो. पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंग. पाळकसाहेब तुरुंगात उपदेश करायला जातात ते ठीक आहे, राहायला कशाला? दोन दिवस थोरला माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला, भजी केली होती.

खरा तमाशा झाला तो हरेगावच्या वेळी. वैनींचं माहेर श्रीरामपूरकडचं, कॅथलिक. सासर प्रोटेस्टंट. तिकडं मेणबत्त्या आणि मारियामाता, इकडं पेटी आणि प्रवचन. लग्नाच्या वेळी दोन्हीकडचे आजोबा रुसले होते म्हणे, तसं आपल्यातही होतंच की. तर श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला मतमाऊलीची यात्रा भरते. तेच हरेगाव, बेलापूर कंपनीचा जुना साखर कारखाना होता ते. १९४९ पासूनची यात्रा, आठ सप्टेंबरला मारियेचा जन्मदिवस, त्याच सुमाराच्या शनिवारी-रविवारी. मराठवाड्यातून माणसं जातात, काही तर पायी. नवस बोलायला हिंदू बायकाही जातात, माझी नणंद गेली होती. साहेब स्वतः नवसबिवस मानत नाहीत, पण बायकोला न्यायला कधी नाही म्हणाले नाहीत. हे मात्र लिहून घ्या त्यांच्या नावावर.

निघाले सगळे. औंढा, जिंतूर, मंठा, तिथवर गाडी गुणी बाळासारखी. वाटूर फाट्याच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ. रेडिएटरचा होज क्लिपापाशी चिरला होता. पाऊस झिमझिम, रस्त्याकडेला चिखल, धाकट्याला भूक, आणि थोरला असा तापला की रेडिएटर बरा! म्हणाला, "दर वेळी हेच. मी ह्या गाडीत पुन्हा बसणार नाही. मी एसटीनं जातो." बाप म्हणाला, "जा." आता हे 'जा' कसलं होतं ते तुम्हाला कळतं, मला कळतं. पण तेवढ्यात जालन्याची बस आली आणि पोरगं खरंच हात करून उभं राहिलं.

वैनी शहाणी बाई. तिनं भांडण मिटवत बसण्यापेक्षा पिशवी उचलली आणि धाकट्याला घेऊन तीही बसमध्ये चढली. कंडक्टर आला. बायकांना २०२३ च्या मार्चपासून निम्मं तिकीट, म्हणजे वैनीचं अर्धं. थोरल्याचं पूर्ण. धाकट्याचंही अर्धं काढायला गेली तर कंडक्टर म्हणतो, वय किती? धाकटा छाती काढून म्हणाला, "बारा पूर्ण!" पाच ते बाराला अर्धं, बारा झाले की पूर्ण. पोरगं मोठं झालं हे एसटी महामंडळानं आईच्या आधी ओळखलं बघा. वैनी मला सांगताना हसत होती, पण म्हणाली, "अक्का, तिकीट हातात घेतलं आणि एकदम वाटलं, आता ह्या घरात लहान कुणी उरलंच नाही."

आणि जीपपाशी कोण थांबलं? मधली. तिला सांगावंही लागलं नाही. गाडी थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू दिलं नाही तिनं बापाला. साहेब फडकं घेऊन निघाले होते, हिनं हात धरला. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. मग होजचं चिरलेलं टोक दोन बोटं कापून टाकलं, उरलेला होज ओढून पाईपवर चढवला, क्लिप आवळली. झाकण पूर्ण घट्ट न लावता थोडं सैल ठेवलं, आत दाब चढू नये म्हणून. आणि मग हळूहळू, काट्यावर नजर ठेवून, वाटेत पाणी घालत निघाले. साहेब नंतर मला म्हणाले, एवढ्या वर्षांत पोरीशी एवढा वेळ सलग बोललोच नव्हतो. काय बोललात विचारलं तर म्हणाले, "काही नाही, क्लचप्लेटबद्दल."

रात्री उशिरा पोचले हरेगावला. एवढ्या गर्दीत सापडायचं कुठं? तर थोरला रस्त्याच्या तोंडाशी उभा, हातात वडापावचा पुडा, कोण जाणे किती वेळचा. गाडीत पुन्हा बसणार नाही म्हणणारा पोरगा गाडी लावायला जागा धरून उभा होता.

तरी साहेबांच्या मनात ते राहिलंच. एका संध्याकाळी इथंच, तुम्ही उभ्या आहात तिथं, मला म्हणाले, "अक्का, मी गावोगाव लोकांना सांगत फिरतो आणि माझंच पोरगं रविवारी माझ्याबरोबर येत नाही. लोक काय म्हणतील?" मी त्यांना टिळकांच्या बायकोची, लक्ष्मीबाईंची आठवण करून दिली. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये. लक्ष्मीबाई तेव्हा बरोबर होत्या का? नव्हत्या. लहानगा दत्तू घेऊन वेगळ्या राहिल्या, रडल्या, चिडल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपला धर्म लगेच सोडला नाही. स्वतःला पटलं तेव्हा, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांसारख्या माणसाला बायकोसाठी पाच वर्षं थांबावं लागलं, तर तुम्हाला पोरासाठी थांबायला काय झालं? आणि थांबल्याचं फळ काय मिळालं? टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. ते पूर्ण कुणी केलं? लक्ष्मीबाईंनीच. शाळेत न गेलेल्या बाईनं. वर 'स्मृतिचित्रे' लिहिलं ते वेगळंच. ओढून आणलेलं माणूस एवढं काम करतं होय?

साहेब काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी थोरल्याला हाक मारली नाही त्यांनी. थोरला उठला तेव्हा जीप गेलेली होती. दुपारपर्यंत पोरगं घरात नुसतं येरझाऱ्या घालत होतं, मी स्वतः पाहिलं. आता मधूनमधून जातो. बरोबर नाही, मागून. रेल्वेनं नाहीतर बसनं, जिथं कार्यक्रम असेल तिथं थेट. आपली ही पूर्णा-अकोला लाईन रुंद झाल्यापासून तेवढी सोय झालीय. झांजा मात्र वाजवत नाही, गाण्याच्या मागं मोबाइलवर कसलंसं रेकॉर्डिंग करतो. साहेबांना ते कळत नाही, पण चालतं. धाकट्यानं ढोलकी घेतलीय, बडवतो नुसती, शिकेल. मधली गात नाही आता. आवाज अजून गोड आहे, पण विचारलं तर म्हणते, "मी गाडी बघते ना, मग गाणं कशाला?" आणि गावातली पोरं उपासना सोडून बॉनेटभोवती जमतात, हे साहेबांचं नवं दुखणं.

आता घरात वाद पेटलाय तो मधलीच्या दहावीनंतरचा. वैनीला तिला नर्सिंगला घालायचंय. त्यांच्या घरात आजीपासून नर्सा. मिशनच्या दवाखान्यांनी ह्यांच्या बायकांना तेव्हा पगार दिला आणि मान दिला, जेव्हा आपल्या आज्या उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या, त्यामुळं वैनीचं काही चूक नाही. पण पोरीला आयटीआयला जायचंय. मोटार मेकॅनिक, दोन वर्षांचा कोर्स. वैनी म्हणते, पोरीची जात, गॅरेजात कोण उभी करणार? साहेब म्हणतात, प्रार्थना करू. मधली म्हणते, प्रार्थना करा, पण फॉर्म मी भरणार.

मी कुणाच्या बाजूची? मी कुंपणाची, दोन्हीकडून ऐकते. पण परवा काय केलं सांगते. माझ्या स्कूटीचा मागचा ब्रेक लागत नव्हता. मधलीला बोलावलं. तिनं चाक काढलं, आतली धूळ झटकली, घासलेले लायनर मला दाखवले, नवे आणायला लावले आणि बसवून दिलं. मी दीडशे रुपये तिच्या हातावर ठेवले. वैनी तिकडून धावत आली, "अहो अक्का, पैसे काय, घरचीच पोरगी!" मी म्हटलं, घरची म्हणून लाडू देईन, ही मजुरी आहे. वैनीनं तोंड वाकडं केलं, पण पोरीच्या हातातून पैसे काढून घेतले नाहीत. फॉर्मचा निम्मा प्रश्न तिथंच सुटला असं मला वाटतं.

तर तुमच्याकडं ती मोटरसायकल नुसती धूळ खात उभी आहे ना, भाऊजींची? दाखवा तिला. संध्याकाळी पाचनंतर असते. पण आधीच सांगून ठेवते, वहिनी, लेकीसारखी आहे, शेजारची आहे म्हणून फुकट करून घेऊ नका. आणि पार्ट बदलायचा म्हणाली तर घासाघीस करू नका, तिला भाव माहीत असतात. बरं, चहा गार झाला तुमचा. कप द्या इकडं, दुसरा ठेवते.